बातमी येते त्या दिवशी गठ्ठ्यात किती प्रती असतात?

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर आपल्याला लगेच कळेल. आपण यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहात. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या एका कुटुंबावर आपण वऱ्हाडी बोलीत कादंबरी लिहिली असून छापल्यावर ती १६० पानांची होईल. मोठ्या शहरातील एका प्रकाशकाने ५०० प्रतींसाठी आपल्याकडे ७२ हजार रुपये मागितले आहेत. त्यांपैकी १०० प्रती आपल्याला मिळणार आहेत, आणि उरलेल्या ४०० प्रतींविषयी त्यांनी एवढेच सांगितले आहे, की पुस्तक पुरस्कारांना पाठवू, बातम्या येतील आणि मग खप आपोआप होईल. आपण विचारता, की हे खरे आहे का. पुरस्कार मिळाल्याशिवाय किंवा वाद झाल्याशिवाय मराठी पुस्तक खपतच नाही का. आणि तसे असेल तर आपले पुस्तक बातमीत यावे यासाठी काय करावे.

सर, मी दारव्ह्यात गेली २६ वर्षे एक लहान प्रकाशन चालवतो. वर्षाला चार, फार तर पाच पुस्तके निघतात, आणि संमेलन असो की जिल्हा ग्रंथोत्सव, गाळा लावून मी स्वतः विकायला बसतो. त्यामुळे बातमीत आलेले पुस्तक मागायला येणारा माणूस मी समोरून पाहिलेला आहे. तो येतो, हे खरे आहे. पण पंधरा-वीस दिवसच येतो, आणि त्या दिवसांत बहुतेक वेळा पुस्तकच जागेवर नसते. म्हणून बातमीत कसे यावे यापेक्षा, बातमी आली तर त्या दिवशी प्रती कोणाच्या घरात आणि हक्क कोणाच्या हातात असतील, हा प्रश्न आपण आधी सोडवावा असे मला वाटते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच कबूल करतो. आपले हस्तलिखित मी वाचलेले नाही. कागदाचे आणि छपाईचे दर गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. लेखकाकडून पैसे घेणे हीदेखील प्रत्येक वेळी फसवणूक नसते. कवितासंग्रहाचा किंवा बोलीतील पुस्तकाचा खर्च लेखकाने उचलायचा आणि प्रकाशकाने संपादन, नोंदणी व वितरण मनापासून करायचे, असे सरळ व्यवहार मी पाहिले आहेत आणि दोन-तीनदा स्वतःही केले आहेत. आपल्या प्रकाशकांना मी ओळखत नाही, तेव्हा त्यांच्या हेतूविषयी काही बोलणे योग्य होणार नाही. त्यांनी पुढे केलेल्या हिशेबाविषयी मात्र बोलता येते.

आधी पुरस्कारांचे पाहू. साहित्य अकादमीच्या पुरस्कारासाठी पुरस्कारवर्षाच्या लगतचे वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांत प्रथम प्रकाशित झालेली पुस्तके विचारात घेतली जातात. याचा आमच्या धंद्यातील अर्थ असा, की पुरस्कार जाहीर होतो तेव्हा पुस्तक निदान दोन वर्षांचे आणि पुष्कळदा पाच-सहा वर्षांचे झालेले असते. पहिली आवृत्ती संपलेली असते, किंवा उरलेल्या प्रती कुठल्या तरी माळ्यावर पडलेल्या असतात. आपल्या विदर्भाचेच पाहा. वाशीमचे नामदेव कांबळे यांना ‘राघववेळ’ या कादंबरीसाठी १९९५ चा आणि बुलडाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांना ‘बारोमास’साठी २००४ चा अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही कादंबऱ्या आजही माझ्याकडे विचारल्या जातात, पण विचारणारा पुरस्काराचे वर्ष कधी सांगत नाही. कोणी शिक्षकाने सांगितले म्हणून येतो, कोणी कॉलेजात असताना अर्धी वाचली होती म्हणून येतो. पुरस्काराने पुस्तकाचे नाव दूरवर नेले हे निश्चित. ते तिथे टिकले, कारण पुढची कित्येक वर्षे मागेल त्याला प्रत मिळत राहिली.

प्रत मिळत राहिली नाही तर काय होते, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुमारे बारा वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका कवितासंग्रहाला चांगला पुरस्कार मिळाला. कवी गावातल्या शाळेत शिक्षक होते. सकाळी वर्तमानपत्रात फोटो आला आणि नऊ वाजल्यापासून फोन सुरू झाले. मी माळ्यावर चढून गठ्ठे काढले तर ३८ प्रती शिल्लक होत्या, आणि त्यांतल्या ११ प्रतींची पुठ्ठ्याकडची बाजू वाळवीने खाल्लेली होती. चांगल्या २७ प्रती दोन दिवसांत गेल्या. नवी आवृत्ती काढावी म्हणून अक्षरजुळणी करणाऱ्याकडे गेलो, तर त्याचा संगणक मधल्या काळात बिघडून बदललेला होता आणि जुन्या फाँटमधील ती फाइल कायमची गेली होती. वाळवी लागलेल्या प्रतीवरूनच ९६ पाने पुन्हा टाइप करून घेतली, दोन वेळा मुद्रिते (प्रुफे) तपासली, यवतमाळहून छापून आणली. यात ४७ दिवस गेले. तोपर्यंत फोन थांबले होते, सत्कार उरकले होते, आणि एका वितरकाने ‘आता काय करू भाऊ, विषय संपला’ असे म्हणून घेतलेले दोन गठ्ठे न फोडताच परत पाठवले. त्या ५०० प्रतींपैकी जवळपास दोनशे आजही माझ्याकडे आहेत; आता त्या जमिनीपासून हातभर उंच फळीवर, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या आहेत. कवीने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, म्हणून ते जास्त लागून राहिले आहे.

वादाचे थोडे वेगळे असते. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातील आठवणींच्या इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादासाठी अनघा लेले यांना जाहीर केलेला पुरस्कार आठवड्याच्या आत रद्द केला आणि निवड समितीही बरखास्त केली. काही लेखकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले, काहींनी स्वतःला जाहीर झालेले पुरस्कार नाकारले. जाहीर केलेला पुरस्कार मागे घेणे मला गैर वाटले आणि आजही वाटते. पण आपला प्रश्न खपाचा आहे, म्हणून दुकानातले सांगतो. त्या पंधरवड्यात माझ्याकडे जे आठ-दहा लोक ते पुस्तक मागायला आले, त्यांतल्या चौघांनी यापूर्वी माझ्याकडून कधीच काही घेतलेले नव्हते आणि त्यानंतरही घेतलेले नाही. मूळ इंग्रजी पुस्तकावर बंदी नाही, मग मराठीतच काय झाले, एवढे कुतूहल त्यांना आले होते. वादाने आलेला गिऱ्हाईक वाद पाहायला येतो. पुस्तक त्याला धरून ठेवू शकले तर ठीक, नाही तर तो वादाबरोबरच निघून जातो.

त्याआधीच्या वर्षी, म्हणजे मार्च २०२१ मध्ये, साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार ‘उद्या’ या कादंबरीसाठी नागपूरशी नाते असलेले नंदा खरे यांना जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. कोणतेही पुरस्कार घ्यायचे नाहीत हे त्यांनी काही वर्षांपूर्वीच ठरवलेले होते. मिळाल्याच्या बातमीपेक्षा नाकारल्याची बातमी मोठी झाली. माझ्याकडे लोक येऊन म्हणत, ‘तो पुरस्कार नाकारला त्या लेखकाचं द्या.’ पुस्तकाचे नाव फार थोड्यांना आठवत होते. बातमी लेखकाला लक्षात ठेवते, पुस्तकाला नाही. आणि गिऱ्हाईक दुकानात बातमीच घेऊन येतो.

यवतमाळचे संमेलन आपण कदाचित पाहिले असेल. जानेवारी २०१९ मध्ये ११ ते १३ तारखेला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आल्याने महाराष्ट्रभर वादळ उठले, आणि शेवटी उद्घाटन आपल्याच जिल्ह्यातील, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर संसार सांभाळणाऱ्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. ग्रंथप्रदर्शनात माझा गाळा होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत निदान तीसजणांनी सहगल यांचे मराठी पुस्तक मागितले; माझ्याकडे एकही नव्हते, शेजारच्या दोन गाळ्यांवरही नव्हते. नेरकडचे एक वयस्क शेतकरी, धोतर आणि डोक्याला गमछा, दोनदा येऊन विचारून गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, ‘नाई भेटत तं नाई भेटत, मले हे द्या,’ आणि वऱ्हाडी म्हणींचे साठ रुपयांचे पुस्तक घेऊन गेले. त्या तीन दिवसांत वऱ्हाडी म्हणींच्या त्या पुस्तकाच्या १४० प्रती गेल्या. त्याची बातमी कुठे नव्हती, पण ते समोर मांडलेले होते. शेतकऱ्याच्या घरातली बाई त्या मंचावर बोलली, तो संमेलनाचा सर्वांत मोठा क्षण होता. पण तिच्यासारख्या बायांच्या आयुष्यावरचे पुस्तक मागायला आलेल्यांना द्यायला मजजवळ एकच शीर्षक होते आणि ते पहिल्याच दिवशी संपले. आपली कादंबरी त्या दिवशी असती तर मी ती पहिल्या रांगेत ठेवली असती.

लेखकाच्या निधनाची बातमी हा तिसरा प्रकार. त्यावर फार लिहावेसे वाटत नाही. दोन आठवडे मागणी येते, आणि निवडक कविता हाताशी नसतील तर लोक भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चार ओळींवरच समाधान मानतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर, बातमी उशिरा येते, थोडे दिवस राहते, आणि जिथे प्रत असते तिथेच तिचा उपयोग होतो. आता आपल्या ७२ हजारांकडे वळू.

डेमी आकारात १८ बाय २३ इंची एका कागदावर पुस्तकाची १६ पाने बसतात. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. १६० पाने म्हणजे १० फर्मे. ५०० प्रतींना ५ हजार कागद लागतील, म्हणजे ५०० कागदांचे एक याप्रमाणे १० रीम. ७० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या, कागदाचे या आकाराचे एक रीम साडेनऊ किलोच्या आसपास भरते, तेव्हा वाया जाणारा धरून आपली सगळी आवृत्ती म्हणजे सुमारे शंभर किलो कागद. हे एवढ्यासाठी सांगितले, की कोणी खर्चाचा मोघम आकडा सांगितला तर तो आपण वजनावर मोजू शकता. कापूस विकताना आपण काट्याकडे पाहतोच. माझ्या मागच्या हंगामातील वहीप्रमाणे कागद, छपाई आणि बांधणी मिळून प्रतीमागे ६३ रुपये पडले, म्हणजे ५०० प्रतींचे ३१,५००. अक्षरजुळणीचे पानामागे ४५ रुपयांनी ७,२००, दोन मुद्रितशोधनांचे ३,२००, मुखपृष्ठाचे ४,०००, आणि ने-आण वगैरे २,६००. एकूण ४८,५००. एक प्रत ९७ रुपयांना पडली. आपल्याकडे पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईल.

२५० रुपये किंमत ठेवली आणि वितरकाला ४५ टक्के सवलत दिली तर प्रकाशकाच्या हातात १३७ रुपये ५० पैसे येतात. त्यातून ९७ रुपये खर्च आणि लेखकाचे दहा टक्के मानधन म्हणजे २५ रुपये वजा केले, की साडेपंधरा रुपये उरतात, आणि तेही सगळ्या प्रती विकल्या आणि वितरकाने पैसे दिले तर. निम्म्याच प्रती गेल्या तर जमा ३४,३७५ होते आणि लेखकाचे मानधन न धरताही १४ हजारांचा खड्डा पडतो. नवख्या लेखकाला प्रकाशक का टाळतो, हे यातून समजून घ्यावे. तो दरवेळी लेखनाचा अपमान नसतो.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. आपण ७२ हजार दिले, तर पुस्तकाची एकही प्रत न विकता प्रकाशकाकडे साडेतेवीस हजार उरतात. ज्याचा नफा छपाईपूर्वीच हाती आला, त्याला पुढे ४०० प्रती घेऊन गावोगाव फिरण्याचे कारणच राहत नाही. मला खटकते ते हेच. आणखी एक सांगतो: आता डिजिटल यंत्रावर शंभर-सव्वाशे प्रतीही काढता येतात, त्यामुळे करारात ५०० लिहून प्रत्यक्षात दीडशेच छापल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात आहेत. म्हणून छापखान्याच्या बिलाची प्रत मागावी. सरळ माणूस ती देतो.

आता कराराचे. गोंदियाच्या पलीकडे राजनांदगावात जन्मलेले हिंदीतील मोठे लेखक विनोदकुमार शुक्ल यांनी २०२२ मध्ये, वर्षानुवर्षे वाचल्या जाणाऱ्या आपल्या पुस्तकांचे वर्षाकाठी अगदी थोडे मानधन मिळते अशी जाहीर तक्रार केली होती. पुढे ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही त्यांची कादंबरी नव्या प्रकाशकाकडून निघाली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरच्या कार्यक्रमात त्यांना सहा महिन्यांच्या मानधनापोटी ३० लाख रुपयांचा धनादेश देण्यात आला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांना २०२४ चा ज्ञानपीठ जाहीर झाला होता, त्याचाही वाटा असेल. तरी मला त्यातून दिसते ते असे, की कादंबरीतील एक अक्षरही न बदलता तिचे नशीब बदलले. प्रती कोण छापतो, किती छापतो आणि हिशेब कोण देतो, एवढेच बदलले. प्रत्येकाला ३० लाख मिळत नाहीत, मराठीत तर नाहीतच. पण हक्क परत घेता आले म्हणून ते घडू शकले.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखनाचा हक्क लिहिताक्षणी आपला होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळे काही नसेल तेव्हा, तो परत लेखकाकडे येतो. आमच्याकडे अनेक लेखक ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ या एका ओळीखाली सही करतात, कारण पुस्तक निघते आहे याच आनंदात असतात. आपण तसे करू नये. फक्त मराठी छापील पुस्तकाच्या एका आवृत्तीचा हक्क द्यावा. ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, नाटक-चित्रपट आणि भाषांतर हे हक्क आपल्याकडेच ठेवावेत. भाषांतराचे घाटंजीला बसून कोणी मनावर घेत नाही, पण २०२५ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक कन्नडमध्ये लिहिणाऱ्या बानू मुश्ताक आणि त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांना मिळाले, आणि त्या पारितोषिकाचे ५० हजार पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे निम्मे वाटले जातात. तिथवर जाण्याच्या गोष्टी मी करत नाही. उद्या एखाद्या हिंदी अनुवादकाने विचारले तर हो म्हणण्याचा अधिकार आपला असावा, इतकेच.

पैसे घालायचेच असतील, तर मी आपल्या जागी असतो तर काय केले असते, ते सांगतो. आधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेला हस्तलिखित पाठवले असते. ती योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे आणि वेळ लागला तरी खर्चाचा मोठा भार हलका होतो. ते जमले नाही तर जवळच्या छापखान्यातून स्वतः पुस्तक काढले असते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या दिल्लीतील केंद्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, आणि तो लेखकाला स्वतःच्या नावानेही घेता येतो. त्याचे चार-पाच हजार मागणाऱ्यांना नमस्कार करावा. वरच्या हिशेबाने ४८,५०० रुपये घालून पाचशेच्या पाचशे प्रती आपल्या घरात येतात. थेट विक्रीत वीस टक्के सवलत देऊन प्रत २०० रुपयांना दिली, तर अडीचशेच्या आत प्रती गेल्या की घातलेले पैसे परत. शिक्षकांचा गोतावळा, जुने विद्यार्थी, जिनिंगमधली माणसे आणि पै-पाहुणे मिळून दोनशे प्रती जाणे अवघड नाही. अर्थात, हे सगळे ज्याला लोकांपुढे पुस्तक घेऊन जायला संकोच वाटत नाही त्याच्यासाठी. काही उत्तम लेखकांना ते मुळीच जमत नाही. त्यांना वितरण करणारा प्रकाशकच हवा.

प्रकाशन समारंभ आखाडात ठेवू नका. पेरणीच्या दिवसांत आपल्याकडे कोणाच्या खिशात पैसा नसतो आणि कोणाला वेळ नसतो. दिवाळीनंतर सोयाबीन विकलेले असते, कापूस घरात येऊ लागतो. डिसेंबर-जानेवारीत माणूस पुस्तकाला दोनशे रुपये देतो. फक्त राज्य शासनाच्या पुरस्कारांसाठी पहिल्या आवृत्तीवर कोणते वर्ष छापले आहे ते महत्त्वाचे असते, तेव्हा वर्षअखेरीस काढत असाल तर त्या पानावरील तारीख विचार करून घाला. प्रथम प्रकाशनाच्या कादंबरीसाठी तिथे श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. तिथे अवश्य पाठवा. प्रवेशशुल्क घेऊन सन्मानचिन्ह देणारे जे पुरस्कार व्हॉट्सअॅपवर फिरतात, तिथे प्रती घालवू नका. माझ्या अनुभवात त्यांनी एकही गिऱ्हाईक आणलेले नाही, फक्त कपाटावर धूळ बसायला जागा वाढवली आहे.

ग्रंथालयांना विसरू नका. राज्यात हजारो शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांची खरेदी अनुदानाचा हप्ता आला की होते, आणि ग्रंथालय संचालनालयाच्या निवड यादीत नाव असेल तर गावच्या ग्रंथपालाला आपले पुस्तक घेणे सोपे जाते; म्हणून त्या यादीसाठी प्रती वेळेत पाठवाव्यात. टपालाचा खर्च मात्र धरून ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा बंद झाली, आणि दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमची एक प्रत कोल्हापूरला पाठवणे छोट्या प्रकाशकाला त्यानंतर जड जाऊ लागले. एकेक प्रत पाठवण्यापेक्षा पाच-दहा प्रतींचा गठ्ठा ओळखीच्या माणसाकडे ठेवणे परवडते.

शेवटचे बोलीचे. शहरातल्या प्रकाशकाकडे पुस्तक दिले तर मुद्रितशोधक कोण आहे हे आधी विचारा. आमच्याच एका कथासंग्रहाचे मुद्रितशोधन मी एकदा बाहेर करून घेतले. त्या गृहस्थांनी अत्यंत मेहनतीने सगळीकडे ‘मले’चे ‘मला’, ‘डोया’चा ‘डोळा’, ‘काऊन’चे ‘का’ आणि ‘वावरा’चे ‘शेत’ करून दिले. त्यांची चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. १९२ पाने मी पुन्हा मुळाबरहुकूम केली. आपण हस्तलिखिताबरोबर दोन पानांची शब्दसूची द्या: कोणता शब्द कसा लिहायचा, संवाद वऱ्हाडीत आणि निवेदन प्रमाण मराठीत आहे की दोन्ही वऱ्हाडीत, आणि एकच पात्र एका पानावर ‘मले’ व दुसऱ्या पानावर ‘मला’ म्हणत असेल तर ते मुद्दाम आहे की नजरचूक. आणि अंतिम फाइल, युनिकोडमध्ये आणि पीडीएफमध्ये, दोन वेगळ्या ठिकाणी स्वतःकडे ठेवा. माझे ४७ दिवस आठवा.

त्या प्रकाशकांना आता एक पत्र लिहा. हक्क एका आवृत्तीपुरते, मुदत तीन वर्षे, दरवर्षी ३१ मार्चला विक्रीचा लेखी हिशेब, छापखान्याच्या बिलाची प्रत, आणि मुदत संपल्यावर उरलेल्या प्रती छपाईखर्चात आपल्याला. एवढे ते लिहून देतात का, ते पाहा. लिहून दिले तर रकमेवर बोलता येईल, कारण तेव्हा त्या पैशांचा काही भाग खरोखर कामाचा असेल. हस्तलिखिताची पहिली वीस पाने मला पाठवली, तर बोलीच्या लेखनाविषयी पाहून सांगेन. सध्या वावरात तुरीची सोंगणी (कापणी) सुरू आहे, तेव्हा पंधरा-वीस दिवस लागतील.